निकेशच्या घराचे वारस

निकेश गेला तेव्हा तिशीसुद्धा ओलांडली नव्हती त्यानं. रोह्याजवळच्या एका केमिकल कंपनीत तो ऑपरेटर होता. शहाण्णव सालच्या चैत्रात दुसरी शिफ्ट संपवून मोटरसायकलवरून घरी येत होता आणि समोरून ट्रक आला. मूलबाळ नव्हतं. मागे राहिली त्याची बायको रोहिणी, पेणजवळच्या खाडीकाठच्या गावात राहणारी आई कृष्णाबाई आणि थोरला भाऊ कान्हू. आणि रोह्याच्या कडेला निकेशनं बांधलेलं दोन खोल्यांचं घर. ते त्याच्या एकट्याच्या नावावर होतं. मृत्युपत्र वगैरे काही नव्हतं. त्या वयात कोण करतो?

बाराव्यानंतर रोहिणीचा भाऊ तिला माहेरी घेऊन गेला.

कान्हू वाईट माणूस नव्हता. बाप गुणाजी मिठागरावर राबता राबता लवकर गेला, तेव्हा कान्हू आठवीत होता. त्यानं शाळा सोडली, बापाच्या जागी मीठ ओढायला लागला आणि धाकट्याला आयटीआयपर्यंत शिकवलं. त्या घरात आपलाही घाम आहे असं त्याला वाटायचं, आणि ते खोटं नव्हतं.

पावसाळ्याच्या तोंडावर तो आईला घेऊन रोह्याला निघाला. वारसांची नावं लावायची होती. एसटीनं पेणचं रामवाडी स्थानक सोडलं तसा तो म्हणाला, "आये, तिथं मीच बोलंन. तू फकस्त अंगठा दे."

कृष्णाबाई बसच्या खिडकीतून बाहेर बघत राहिली.

रोह्याच्या कचेरीत तलाठ्यांनी विचारलं, "मयताच्या मागे कोण कोण आहे?"

"आय हाय. नि मी, सख्खा भाऊ."

"बायको?"

"ती गेली माहेरी. जवान हाय, उद्या दुसरं घर करील. तिचं नाव कशाला?"

तलाठी कृष्णाबाईकडे बघायला लागले. तिनं पदर सारखा केला.

"हाय बायको," ती म्हणाली. "रोहिणी तिचं नाव. लिवा."

"आये, गप ऱ्हा."

"माहेरी गेली म्हंजे मेली नाय, कान्हू. तुझ्या भावाची बायको हाय ती."

मग तलाठ्यांनी दोघांना समजावून सांगितलं. निकेशनं स्वतः काही लिहून ठेवलेलं नाही, तेव्हा कायद्यानं आई आणि बायको सारख्या वाटेकरी. बायकोनं उद्या पुन्हा लग्न केलं तरी तिचा वाटा जात नाही.

"नि भाऊ?" कान्हूनं विचारलं.

"आई आणि बायको असताना भावाला वाटा येत नाही."

"मी शाळा सोडली त्याच्यासाठी," कान्हू म्हणाला. "ते कुठं मांडाचं?"

तलाठ्यांनी पेन खाली ठेवलं. "ते मांडायला जागा नाही, दादा," ते हळूच म्हणाले.

परतीच्या एसटीत कान्हू आईजवळ बसला नाही. त्यानंतर सगळा पावसाळा तो तिच्याशी कामापुरतंही बोलला नाही. कान्हूची बायको ताट वाढायची, कृष्णाबाई जेवायची आणि ओट्यावर जाऊन बसायची.

श्रावणात ती एकटीच रोहिणीच्या माहेरी गेली. कोलाडच्या पलीकडे, भातशेतीतलं गाव. वाटेत तिनं मनाशी सगळं जुळवलं होतं. घर तुझं आहे, तिथं रहा, मी तुझ्या पाठीशी आहे, असं सांगायचं. रोहिणीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आई, एकदा घरी जाऊन येऊ या का? दोघीच."

रोह्याच्या घराचं कुलूप गंजलं होतं, जोर लावून उघडावं लागलं. आत ओलीचा वास कोंडला होता. खुंटीवर निकेशचा कंपनीचा शर्ट तसाच होता. कृष्णाबाईनं केरसुणी शोधली आणि झाडायला लागली.

"मी येऊन राहीन तुझ्या सोबतीला," ती झाडता झाडता म्हणाली. "कोण काय बोलतो ते मी बघते."

"मला नाही राहायचं इथे, आई."

कृष्णाबाईचा हात थांबला. "का गो?"

"रस्त्यावर ट्रक वाजला की छातीत धस्स होतं. शिफ्ट सुटायची वेळ झाली की वाटतं, ताट वाढायला घ्यावं. इथे राहिले तर वाट बघण्यातच म्हातारी होईन मी." ती भिंतीला टेकली. "मला नर्सिंगला जायचंय. त्यांनाही सांगितलं होतं, ते हो म्हणाले होते. घर विकू या."

"विकाय म्हणून भांडले का मी पोटच्या लेकाशी?" कृष्णाबाईचा आवाज चढला. "घर विकलं तर माझा निकेश कुठं ऱ्हाईल?"

बोलून गेल्यावर तिचं तिलाच ते ऐकू आलं. ती केरसुणी हातात धरून खाली बसली. रोहिणी तिच्या शेजारी येऊन बसली. मग कृष्णाबाई म्हणाली, "तुला जायचंय ना, मग जा."

दिवाळीनंतर घर विकलं. घेणारा कंपनीतलाच होता, दोन लहान मुलींचा बाप. रोहिणीला अलिबागला नर्सिंगला जागा मिळाली. घराच्या पैशांतला आपला अर्धा वाटा कृष्णाबाईनं पेणच्या बँकेत स्वतःच्या नावावर ठेवला आणि कान्हूला सांगितलं, "मी हाय तवर माझं. माझ्यामागं तुझंच हाय."

घर रिकामं करायच्या दिवशी कान्हू न बोलावता आला. त्यानं कपाट टेम्पोत चढवलं, पलंग सोडवला. उरलेल्या बारीकसारीक वस्तू दोघींनी आपसात वाटून घेतल्या. घड्याळ रोहिणीनं ठेवलं. खुंटीवरचा शर्ट घडी करून कृष्णाबाईनं पिशवीत घातला.

"दादा, तुम्हाला काय हवंय?" रोहिणीनं विचारलं.

"काय नको." मग तो म्हणाला, "त्याचे कंपनीचे बूट हायेत?"

मोरीच्या मागे होते. तिनं पुसून आणून दिले. कान्हूनं पायरीवर बसून ते पायांत चढवले. जन्मभर अनवाणी राबलेले पाय, मोठ्या कष्टानं आत गेले.

"लहान होतायत तुम्हाला," रोहिणी म्हणाली.

"व्हय."

"मिठागरात टिकाचे नाय ते," कृष्णाबाई म्हणाली.

"मिठागरात नाय घालाचो."

त्यानं नाड्या बांधल्या, आईच्या हातातली पिशवी घेतली आणि स्टँडच्या दिशेनं चालू लागला. बूट चावत होते, त्यामुळे तो सावकाश चालत होता. कृष्णाबाईला त्याच्या बरोबरीनं चालता येत होतं.