माप रितं होईस्तोवर

सोमवारपासून बेबीनंदामावशींना पॅकिंगला पाठवायचं, असं साहेबराव सरांनी शनिवारी सकाळी ठरवलं.

जालन्यातल्या आमच्या बियाणे प्रयोगशाळेत मावशी एकोणीस वर्षं उगवण मोजतात. एका ट्रेमध्ये शंभर दाणे. त्यांतले किती उगवले ते वहीत लिहायचं. महिन्यापासून तेच काम दोन कॅमेरेही करतात. त्यांचा प्रोग्रॅम कोंब मोजतो आणि लॉट क्रमांक व आकडा असा निरोप चिठ्ठी छापणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमला पाठवतो. दोन्ही मीच लिहिलेले. आतापर्यंत अकरा ट्रेंचे आकडे मावशींच्या आकड्यांशी जुळले नव्हते, आणि मोजलेले ट्रे फेकून दिलेले, म्हणून कोण चुकलं ते तपासता येत नव्हतं.

“मशीन थकत न्हाई, सुमेधा. माणूस थकतंय,” सर म्हणाले.

“म्या बराबर मोजलंय,” मावशी म्हणाल्या. “तुमचं मशीनच डुलक्या घेऊन राह्यलं आसंल.”

मी दोन ट्रे कॅमेऱ्यांखाली ठेवून तेच नऊशे वेळा मोजले. दोन चुका. मावशींचं खरं असू शकत होतं! कारण शोधायला प्रोग्रॅमच्या प्रत्येक पायरीची नोंद सुरू केली आणि सरांना बोलावलं. पुन्हा नऊशे. एकही चूक नाही. सर हसून निघून गेले. नोंद बंद केली, चूक परत आली. मी पाहत असले की ती होतच नव्हती.

शेजारी मावशी ट्रे मोजून वहीकडे निघाल्या होत्या. “ब्याऐंशी, ब्याऐंशी, ब्याऐंशी...”

“मावशी, एकच आकडा घोकता कशाला?”

त्यांनी हातानंच थांब म्हटलं. लिहून झाल्यावर बोलल्या, “माझा बाप मंठ्याच्या बाजारात मापारी व्हता, धान्य मापायचा. माप रितं होईस्तोवर आकडा तोंडातून सोडायचा न्हाई. मधी कुणी दुसरा आकडा बोललं, की पैला गेला.”

मधी दुसरा आकडा.

माझ्या प्रोग्रॅममध्ये दोन्ही कॅमेऱ्यांची कामं एकाच वेळी चालत, आणि आपला आकडा मेमरीतल्या एकाच जागी ठेवत. एकाचा निरोप निघायच्या आत दुसऱ्यानं तिथं आपला आकडा लिहिला, तर लॉट पहिल्याचा आणि आकडा दुसऱ्याचा. ही फट सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढी. नोंद लिहिताना दोन्ही कामं मागेपुढे सरकत, म्हणून ती मिटत होती.

त्या फटीत मी मुद्दाम अर्धा सेकंद घातला. सरांना परत बोलावलं आणि त्यांच्यासमोर एका कॅमेऱ्याखाली बारा कोंबांचा ट्रे ठेवला, दुसऱ्याखाली चौऱ्याण्णवचा. दोन्ही चिठ्ठ्यांवर चौऱ्याण्णव. पुन्हा केलं; दोन्हींवर बारा.

“आयला,” सर म्हणाले.

मग प्रत्येक निरोपाला स्वतःची जागा दिली. अर्धा सेकंद तसाच ठेवला. बारा, चौऱ्याण्णव. बारा, चौऱ्याण्णव.

सरांनी मावशींची वही उघडली. अकराही चुकीच्या चिठ्ठ्यांवरचा आकडा त्याच वहीत सापडला, शेजारच्या कॅमेऱ्याखालच्या ट्रेपुढे. कुणाला दिसणार नाही अशी फट, आणि तिचा प्रत्येक माग निळ्या बॉलपेननं लिहून ठेवलेला.

सर उठून मावशींकडे गेले. “बेबीनंदाबाई, ते सोमवारचं...”

मावशींनी न बघताच हात वर केला. “सत्त्याऐंशी, सत्त्याऐंशी, सत्त्याऐंशी...”

सर तिथंच थांबले, पार पेनाचं टोपण लागेपर्यंत.

“हां,” मावशी म्हणाल्या. “बोला आता.”