सड्यावरचं स्थळ

हे झालं २०२३ साली. त्या वर्षी पाऊस लांबला होता, जून उजाडला तरी विहिरींचे तळ दिसत होते आणि रत्नागिरीतल्या दर खांबावर 'तेजोनिधी ग्लोबल युनिव्हर्सिटी'चा फलक लटकत होता. फलकावर काळे गाऊन घातलेली गोरीपान मुलं टोप्या हवेत उडवत होती. त्यांतलं एकही तोंड कोकणातलं नव्हतं. खाली ठळक अक्षरांत लिहिलं होतं, 'देशातील सर्वांत प्रतिष्ठित विद्यापीठांपैकी एक'. शहराबाहेरच्या कातळाच्या सड्यावर ते विद्यापीठ उभं राहून तेव्हा पुरती चार वर्षंही झाली नव्हती.

'प्रतिष्ठित' हा शब्द विमलाबाईंनी आजवर दोनच ठिकाणी वाचला होता, लग्नपत्रिकेत आणि पतसंस्थेच्या अहवालात. दोन्हीकडे तो ज्यांच्या नावाआधी लागलेला असे, त्यांना त्या चांगल्याच ओळखून होत्या.

विमलाबाईंनी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवण्यात जन्म घालवला होता. त्याआधी गावातल्याच जुन्या कॉलेजात त्या बीएस्सी झाल्या. वर्गात तेव्हा बोटांवर मोजण्याइतक्या मुली. त्या कॉलेजानं आपण प्रतिष्ठित आहोत असं कधी खांबावर टांगलं नाही. नात वेदिका बारावी झाली तेव्हा तिला त्याच कॉलेजात प्राणिशास्त्राला जागा मिळाली. शनिवारी दुपारपर्यंत शाळा सोडल्याचा मूळ दाखला नेऊन द्यायचा, की प्रवेश पक्का.

पण वेदिकाचा बाप, नितेश, जयगडच्या बंदरात ऑफिसात होता आणि त्याच्या साहेबांनी आपल्या मुलाचं, स्वरूपचं नाव तेजोनिधीत घातलं होतं. साहेब चालतील तिकडे नितेशची मान आपोआप वळत असे.

"आई, तिथे प्लेसमेंट शंभर टक्के आहे," तो जेवताना म्हणाला.

"कुठे?"

"कुठे म्हणजे? शंभर टक्के म्हणजे सगळीकडे."

"बरं. आणि तो प्रतिष्ठेचा नंबर दिलान कुणी?"

"आहे एक संस्था."

"कुठची?"

"दिल्लीची असेल."

"असेल," विमलाबाई म्हणाल्या आणि भातावर सोलकढी ओतून घेतली.

सून राजश्री वाढता वाढता हळूच म्हणाली, "अहो, दाखल्याचं सांगा की त्यांना."

"दाखल्याचं काय?"

नितेशनं आमटीत बोटं घातली. हॉटेलच्या हॉलमध्ये शिक्षण मेळावा होता, तिथं साहेबांबरोबर गेला असताना त्यानं वेदिकाचा मूळ दाखला तेजोनिधीच्या टेबलावर देऊन टाकला होता. सीट बुक व्हायला तो द्यावाच लागतो म्हणे.

वेदिकाचा घास हातातच राहिला. "बाबा, शनिवारी कॉलेजात काय देऊ मग?"

"कशाला जायचंय त्या जुन्या कॉलेजात? तिथलं छप्पर बघितलंस?"

"मी छप्पर शिकायला नाही चालले."

विमलाबाईंनी हात धुतला. पोरीला नुसतं नको म्हणून सांगितलं असतं तर बाप इरेला पेटला असता, आणि पोरीच्याही मनात त्या काचेच्या इमारतीची भूल थोडी होतीच. फलकाखाली ती रेंगाळताना त्यांनी पाहिली होती. म्हणून त्या एवढंच म्हणाल्या, "मला दाखव ते स्थळ."

"स्थळ? आई, विद्यापीठ आहे ते."

"पोरगी तीन वर्षं द्यायची तिथं. मग स्थळच की."

स्थळ कसं बघायचं ते विमलाबाईंना त्यांच्या गोदूआत्यानं शिकवलं होतं. गोदूआत्या घरातल्या कुठल्याही मुलीचं स्थळ पावसाळ्यात बघायला जात नसे. पावसाळ्यात सगळीच घरं हिरवीगार दिसतात. ती वैशाखात जायची, न कळवता, आणि ओटीवर न बसता पाणी मागायच्या निमित्तानं मागीलदारी. विहिरीत काय उरलंय, चुलीला काळं किती, भांडी रोजची घासलेली की पाहुण्यांसाठी उतरवलेली, हे बघून झालं की जो कोणी समोर येईल त्याला विचारायची, तू कुणाचा रे? त्यातनं तिला सगळं कळायचं. कर्ज, भाऊबंदकी, दारू, सगळं. ओटीवरचे पुरुष तोपर्यंत पान खात मुलाच्या पगाराचं ऐकत असायचे.

गुरुवारी 'पालक भेट दिवस' होता. न कळवता जाणं काही जमलं नाही, कारण विद्यापीठानंच वातानुकूलित बस पाठवली होती. फाटक एवढं मोठं की एखाद्या संस्थानिकाला लाज वाटावी. आत शिरल्यावर मात्र फाटकाला शोभेल असं फारसं काही नव्हतं. कातळावर हिरवं प्लास्टिकचं गवत अंथरलेलं होतं आणि एक शेळी ते हुंगून पुढे गेली.

संस्कृती मॅडम नावाची एक तरतरीत मुलगी कोट घालून स्वागताला होती. तिनं सगळ्यांच्या हातात बाटलीतलं कोकम सरबत दिलं. कोकणातल्या माणसांना कोकम सरबत, तेही बाटलीतलं! विमलाबाईंनी एक घोट घेऊन बाटली परत केली.

"आजी, यू आर व्हेरी लकी हं. तुमची नात ग्लोबल होणार."

"ती रत्नागिरीचीच बरी आहे. प्रयोगशाळा कुठेशी आहे गो?"

"आधी ऑडिटोरियम बघू या, मग स्विमिंग पूल..."

"पोहायला तिला समुद्र आहे. प्रयोगशाळा दाखव."

बाकीचे पालक ऑडिटोरियमच्या खुर्च्यांवर बसून बघत होते, किती मऊ आहेत ते. नितेशही बसून बघत होता. साहेब शेजारी होते.

सागरी जीवशास्त्राची प्रयोगशाळा दुसऱ्या मजल्यावर होती. दार उघडताच विमलाबाई उंबऱ्यातच थांबल्या. कसलाच वास नव्हता. फॉर्मलीनचा नाही, स्पिरिटचा नाही, मेलेल्या बांगड्याचा तर नाहीच. त्यांच्या वेळी कॉलेजातून घरी गेलं की आई साडी मागच्या पडवीत वाळत घालायला लावायची, घरात आणू द्यायची नाही. बोटं सिल्व्हर नायट्रेटनं काळी पडलेली असायची आणि तशाच बोटांनी हळदीकुंकवाला जायला त्यांना फार भूषण वाटायचं. टेबलाला ॲसिडनं पडलेली भोकं असत; कुठलं भोक कुठल्या बॅचनं पाडलं ते शिपायाला पाठ होतं.

इथली टेबलं आरशासारखी होती. बेसिन इतकं पांढरंशुभ्र की त्यावर कंपनीचा कागदी शिक्का अजून चिकटलेला. विमलाबाईंनी नळ सोडला. नळानं एक सुस्कारा टाकला आणि तो गप्प झाला.

"आम्ही स्वच्छतेला खूप महत्त्व देतो, आजी," संस्कृती मॅडम म्हणाल्या.

"दिसतंय. चार वर्षांत कुणी हातही धुतले नाहीत."

वेदिका काचेच्या कपाटाशी गेली होती. बरण्यांतल्या माशांकडे वाकून बघता बघता तिनं मान वर केली. "आजी, हा पापलेट प्लास्टिकचा आहे."

"असू दे गो. वास नको यायला पाहुण्यांना."

राजश्रीला हसू आवरेना. तिनं पदर तोंडाशी धरला. तेवढ्यात नितेश शोधत वर आला, आणि त्याच्या मागोमाग पांढरा कोट घातलेला एक तरुण आत शिरला. संस्कृती मॅडमचा जीव भांड्यात पडला. "हे आमचे विभागप्रमुख, डॉक्टर गौरव सर. इंटरनॅशनल एक्सपीरियन्स आहे सरांना."

डॉक्टर गौरव सरांनी इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. बरंच पाठ केलं होतं त्यांनी. विमलाबाईंनी ते एखाद्या मुलीची कविता म्हणून होऊ द्यावी तसं होऊ दिलं. मग चष्मा पुसून त्याच्या तोंडाकडे नीट बघितलं.

"कुणाचा रे तू?"

आता, हा प्रश्न म्हातारी बाई विचारते तेव्हा कोकणातल्या माणसाला खोटं बोलता येत नाही. त्याला ते सुचतच नाही. लहानपणापासून प्रत्येक एसटीत, प्रत्येक लग्नात, प्रत्येक देवळाच्या पायरीवर त्यानं या एका प्रश्नाला खरं उत्तर दिलेलं असतं. तेजोनिधीवाल्यांची चूक झाली ती एवढीच. मास्तर भाड्यानं आणायचे तर निदान घाटावरचे तरी आणायचे.

"केरू मास्तरांचा, आजी," गौरवचं इंग्रजी एका क्षणात गळालं. "मंडणगडचा."

"केरू मास्तरांचा? अरे, ते आमच्या शाळेत होते की काही वर्षं! नाक त्यांचंच उचललंस. बरे आहेत ना?"

"गुडघे दुखतात."

"आणि आई?"

"ती बरी आहे. यंदा काजू चांगला झाला आमच्याकडे."

"वा. आणि तू काय करतोस मग?"

"मी मुंबईला. औषधाच्या कंपनीत, विक्रीला."

"अस्सं. आणि इथं कसा?"

"दोन दिवस रजा टाकलीय. पालक भेट होती ना, म्हणून..." गौरव थांबला. कानापर्यंत लाल झाला. अंगातल्या पांढऱ्या कोटाकडे त्यानं असं बघितलं, की जणू तो दुसऱ्याच कुणाचा वाळत घातलेला चुकून उचलला असावा.

"व्हिजिटिंग फॅकल्टी!" संस्कृती मॅडम ओरडल्या.

"व्हिजिट तर खरीच," विमलाबाई म्हणाल्या. "मेल्या, बापानं तुला शिकवलंन ते याच्यासाठी?"

वेदिका कुणाला काही न विचारता खाली निघून गेली. विमलाबाई जिना उतरून पोहोचल्या तेव्हा ती स्वागतकक्षात टेबलापुढे उभी होती. "माझा दाखला परत हवाय."

"तो प्रोसेसमध्ये आहे. पुढच्या महिन्यात..."

"मला शनिवारच्या आत लागतो."

"मुख्य ऑफिसला गेलाय तो पुण्याला."

वेदिका टेबलापुढून हलली नाही. शनिवार गेला की जुन्या कॉलेजातली जागा यादीतल्या पुढच्या मुलीला, हे तिला ठाऊक होतं. आणि नितेशलाही होतं. पण नितेश साहेबांच्या नजरेत भरू नये म्हणून एका कुंडीआड उभा राहून त्यातलं झाड निरखत होता. झाडही प्लास्टिकचंच होतं.

विमलाबाईंनी स्वागतकक्षाच्या मधोमध असलेल्या सोफ्यावर बैठक मारली. पिशवी मांडीवर घेतली.

"काही घाई नाही," त्या टेबलावरच्या माणसाला, पण सगळ्या पालकांना ऐकू जाईल अशा शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "दाखला येईस्तोवर मी इथंच आहे. तोवर तुमचे मास्तर येतील-जातील, तर एकेकाची ओळख करून घेते. कोण कुणाचा, गाव कुठचं, एरवी करतो काय. पहिला तर मंडणगडचा निघाला हो, आमच्या केरू मास्तरांचा. मुंबईला औषधं विकतो."

ऑडिटोरियममधून परतलेल्या माणसांची कुजबूज थांबली. जिन्यावरून आणखी दोन पांढरे कोट उतरत होते. ते सोफ्यावरची म्हातारी बघून अर्ध्या जिन्यातूनच परत फिरले.

"बाजूच्या खोलीत बघ रे!" संस्कृती मॅडमनी टेबलावरच्या माणसाला दबक्या आवाजात सांगितलं. पुण्याला गेलेला दाखला बाजूच्या खोलीतून आला.

येताना त्यांना बस मिळाली नाही. चौघं फाटकाबाहेर उन्हात रिक्षाची वाट बघत उभी राहिली. नितेशनं रस्त्यावरचा एक खडा बुटानं उडवला. मग म्हणाला, "साहेबांसमोर घालवलीस तू माझी."

"साहेबांना विचार," विमलाबाई म्हणाल्या, "त्यांनी कुठला नळ सोडून बघितला होता."

शुक्रवारी सकाळी वेदिकानं एकटीनं जाऊन जुन्या कॉलेजात दाखला दिला.

पुढे सगळ्यांचं आपापल्या परीनं बरंच झालं. तेजोनिधीला मुंबईच्या एका पंचतारांकित हॉटेलात 'सर्वाधिक प्रतिष्ठित विद्यापीठ' असा पुरस्कार मिळाला; देणाऱ्या संस्थेचं नाव अजून कुणाला नीट सांगता येत नाही. संस्कृती मॅडम त्याच सड्यावर संचालक झाल्या. गौरवनं औषध कंपनी सोडली आणि आता तो तिथला खराखुरा विभागप्रमुख आहे. विभागात तो एकटाच. केरू मास्तर कुणी विचारलं तर मुलगा मुंबईला आहे असंच सांगतात. स्वरूपची पदवी झाली आणि त्याला लगोलग नोकरीही लागली. हॉटेलातल्या मेळाव्यांत तेजोनिधीच्या टेबलावर बसून तो मुलांचे दाखले गोळा करतो. शंभर टक्के प्लेसमेंट म्हणजे काय ते विमलाबाईंना तेव्हा कळलं. साहेब बदली होऊन गुजरातेत गेले. नितेश अजूनही लग्नाकार्यात सांगतो, "वेदिकाला तेजोनिधीतही मिळत होतं हं," आणि ऐकणारे कौतुकानं माना डोलावतात. माणसं तीच, त्यांचं काय करायचं?

वेदिका यंदा बीएस्सी झाली. आता खाडीतल्या शिंपल्यांवर पुढचा अभ्यास करते आहे. तिच्या ॲप्रनला फॉर्मलीनचा भयंकर वास येतो म्हणून राजश्री तो मागच्या पडवीत टांगायला लावते. विमलाबाईंना हल्ली दिसतं कमी. त्या काठी टेकत तिथवर जातात, ॲप्रन चाचपतात, आणि भोक कुठे कुठे पडलंय ते बोटांनी बघतात.