खिळ्यांची पुडी

स्कूटरवरून उतरल्या उतरल्या रामहरीनं खिसा चाचपला. कागदाची पुडी जागेवर होती. पुडीत चार खिळे.

"चार कशाला रे?" दस्तगीर नदाफनं विचारलं.

"एखादा वाकला म्हंजे? पुण्याचं मानपत्र हाय भाई. ते काय कसंबी टांगायचं?"

"मानपत्र अजून पुण्यातच, आणि ह्याचे खिळे निघाले फिरायला!"

दस्तगीर हसला खरा, पण पुण्याचे परीक्षक आज येणार म्हणून सकाळपासून त्यानंही दहादा घड्याळ बघितलं होतं.

आठ वर्षांपूर्वी विजापूर वेशीतल्या माडीवर 'नदाफ, वास्तुरचनाकार' अशी पाटी लागली, तेव्हा लोकांनी फक्त पहिला शब्द वाचला. नदाफ म्हणजे पिंजारी, दुसरं काय? पहिल्या वर्षात नकाशे झाले तीन आणि जुन्या गाद्या डोक्यावर घेऊन जिना चढली अकरा माणसं. दस्तगीर एकावरही चिडला नाही. सगळ्यांना त्यानं मागच्या गल्लीत अब्बांकडे धाडलं. आता ऑफिसात सात माणसं होती, मंद्रूपची शाळा उभी राहिली होती. तरीही नकाशा पसंत पडलेला एखादा शेठ जाताना पाटी नीट वाचायचा आणि "दिवाळीनंतर बघू" म्हणायचा. ती दिवाळी काही यायची नाही. नकाशे काढणारा रामहरी पहिल्या दिवसापासूनचा. त्याला हे फार लागायचं. मानपत्र भिंतीवर चढलं की असल्या दिवाळ्या बंद होतील, हे त्यानं मनाशी धरलं होतं.

मानपत्र मिळालं तर मिळणार होतं ते कुंभारीच्या ह्या कामघरासाठी. विड्या वळणाऱ्या बायकांची सोसायटी. फर्मनं नकाशाचा एक पैसा घेतला नव्हता. दस्तगीरनं खिडक्या मुद्दाम जमिनीपासून हातभर उंचीवर ठेवल्या होत्या. दिवसभर मान खाली घालून बसणाऱ्या बाईला बसल्या जागी वारा लागावा, रस्ता दिसावा.

पुण्याचे परीक्षक आले, आणि थेट त्या खिडक्यांपाशीच उकिडवे बसले.

"वा! बसणाऱ्याच्या डोळ्यांनी काढलेली खिडकी. फार सुंदर, नदाफसाहेब."

रामहरीचा चेहरा उजळला. दस्तगीरनं मात्र चौकटीवर हात फिरवला आणि तो तिथंच थांबला. लाकडाला ताजी भोकं होती. एकात तागाचा धागा अडकला होता.

तेवढ्यात वारा आला. चाळीस बायकांनी एका दमात पदर सुपांवर ओढले. बोलणं नाही, बघणं नाही, नुसती सवय. तरी तंबाखूचा भुगा उडालाच, आणि परीक्षकांना तीन शिंका आल्या.

दस्तगीरला अम्मीचा आवाज ऐकू आला. पिंजाऱ्याच्या घरात वाढलेलं पोर, दिवसातून दहा वेळा ऐकलेलं वाक्य: "खिडकी लगा रे, रूई उडरी!" कापूस काय आणि तंबाखू काय! त्याला स्वतःचीच लाज वाटली.

सोसायटीची थोरली रत्नम्मा कोपऱ्यात होती. तो तिच्याजवळ जाऊन बसला.

"पोती कुठं आहेत, रत्नम्मा?"

"कुठली पोती, सायेब?"

"खिडक्यांना लावलेली."

तिनं हातातली विडी पुरी केली, दोरा बांधला.

"पावणे गेले की लावतो की. तुमी एवढ्या मायेनं खिडक्या काढल्या, तुमच्या नावाला कमीपणा कशाला? काल काढून ठेवली समदी."

"आणि खिळे?"

"वाकले. टाकून दिले."

रामहरी मागं येऊन उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं.

"भाई, अर्धा तास," तो कानाशी लागला. "फक्त अर्धा तास गप ऱ्हावा. पाया पडतो तुमच्या."

दस्तगीर उठला आणि परीक्षकांपुढे जाऊन उभा राहिला.

"साहेब, ह्या खिडक्या चुकल्यात. कामच असं, की वारा डोक्यावरून जायला पाहिजे. चौकटी चार फूट वर घ्याव्या लागतील. पिंजाऱ्याचा मुलगा मी, मला तरी कळायला हवं होतं."

परीक्षकांनी वहीत काहीतरी खोडलं, काहीतरी लिहिलं. काय, ते कळायला मार्ग नव्हता.

दस्तगीरनं रत्नम्माच्या मागची पोत्यांची चळत ओढली. एक पोतं घेऊन तो खिडकीशी गुडघ्यांवर बसला, बाहेरून ठोकायला एक विटेचा तुकडा उचलून शेजारी ठेवला.

"सायेब, ऱ्हाऊ द्या की!" रत्नम्मा कळवळली. "कपडे घाण होतील."

त्यानं पोतं चौकटीला लावलं आणि मोकळा हात मागं केला. कुणाकडे बघितलं नाही.

रामहरीनं एकदा परीक्षकांकडे बघितलं. मग त्यानं खिशातून पुडी काढली, उलगडली.

"हे आपल्या ऑफिसच्या भिंतीचे होते, भाई."

"ठाऊक आहे मला."

पहिला खिळा बसला. दुसऱ्याला रामहरी शेजारी टेकला आणि पोत्याचं दुसरं टोक धरलं. एक डोळा मिटून त्यानं चौकटीची रेघ बघितली, नकाशावर बघायचा तशीच.

"जरा वर घ्या, भाई. तिरकं जातंय," तो म्हणाला. "नाव आपलं हाय ह्याच्यावर."