मोकळ्या हातांची परीक्षा

चिमणाबाईनं आपल्या लेकीला घरीच शिकवायचं ठरवलं, तेव्हा गल्लीतल्या बायकांनी तोंडाला पदर लावला. म्हशीवाल्याच्या घरात शाळा, म्हणजे हसायचीच गोष्ट. पण लोक हसतात म्हणून बेत बदलणाऱ्यांतली चिमणाबाई नव्हती. आजऱ्याकडच्या एका खेड्यात तिचे वडील मास्तर होते. त्यांनी लेकीला सातवीच्या फायनलपर्यंत शिकवलं आणि मगच कोल्हापुरात दिली. फायनल पास सून घरात आली याचं सासरी कौतुक झालं, पण ते अंगाची हळद उतरेपर्यंतच. पुढं शेण होतं, वैरण होती आणि दोन्ही वेळच्या धारा होत्या.

लेकीचं नाव तानी. सहा वर्षांची असताना ती विषमज्वरानं अंथरुणाला खिळली, आणि उठली तेव्हा डोक्यावरचे सगळे केस गेले होते. बरोबरीच्या पोरी तोवर पुढच्या वर्गात गेलेल्या. शाळेत नेली तर मास्तरांनी तिला बारक्या पोरांत बसवली. पोरं तिला टकली म्हणून चिडवायची. दोन-तीन दिवस तिनं कसेबसे काढले, मग एका दुपारी घरी आली आणि भुशाच्या पोत्याआड जी बसली ती हलेचना.

"ऱ्हाऊ दे की घरात," तिचा बाप जोतीराम म्हणाला. "म्हशी हाईत, काम हाय. शाळा शिकून काय दिवं लावायचं हाईत?"

"मी शिकिवतो तिला," चिमणाबाई म्हणाली. "चौथीपातूर घरात. मग एकदम पाचवीला घालू. तवर क्यास येतील, बरोबरीच्या पोरीत बसंल."

"आन् पाचवीला घेतली न्हाय तर?"

"घेतील की. न घ्याला काय झालं?"

"न्हाय घेतली तर म्हशी राखंल. पुन्यांदा शाळंचं नाव काढायचं न्हाय. हाय कबूल?"

"व्हय, कबूल," चिमणाबाई म्हणाली. रागाच्या भरात माणूस काय वाटेल ते कबूल करतं.

आता शिकवायचं तर सवड पाहिजे, आणि म्हशीवाल्याच्या बायकोला सवड कुठली? चिमणाबाईनं त्यावर आपल्या पद्धतीनं तोड काढली. शिकायला वेगळा वेळ नाही ना, मग कामातच शिकायचं. पाढे धारेच्या वेळी. तानीचा हात धारेला चांगला बसला होता. कपाळावर पांढरा ठिपका असलेली चांदी नावाची म्हैस तिच्याकडंच होती. चरवीत धार वाजायची त्या ठेक्यावर पोरगी पाढा म्हणायची. कविता ताक घुसळताना. इतिहास वैरण तोडताना. आणि भूगोल शेणी थापताना. परड्यातली मागची भिंत म्हणजे कोल्हापूर जिल्हा. उजव्या टोकाला शिरोळ, खाली आजरा, डाव्या टोकाला गगनबावडा. शेजारच्या छपराच्या पागोळ्या नेमक्या डाव्या टोकावर पडायच्या, त्यामुळं गगनबावड्याच्या शेणी काही केल्या वाळायच्या नाहीत. तिथं पाऊस फार, हे तानीला मुद्दाम शिकवावं लागलं नाही. दुपारी म्हशी पाण्यावर गेल्या की तेवढी पाटी-पेन्सिल हातात यायची.

अशी तीन-चार वर्षं गेली. संस्थान जाऊन मुंबई सरकार आलं. तानीला कमरेपर्यंत लांब केस आले. चौथीचं सगळं तिला तोंडपाठ झालं, आणि चिमणाबाई मनातून अशी खूश होती की गल्लीतल्या बायकांशी बोलताना तिची मान आपोआप ताठ व्हायची.

जून महिन्यात तिघं मुलींच्या शाळेत गेली. जोतीरामनं ठेवणीतला फेटा बांधला होता, पण तो फाटकाजवळच्या चिंचेखाली थांबला. मुख्याध्यापिका प्रमोदिनीबाई जाड भिंगाचा चष्मा लावणाऱ्या, शिस्तीच्या, पण तुसड्या नव्हत्या. त्यांनी तानीला आधी शुद्धलेखन घातलं, मग दोन गणितं दिली. पोरीनं ती पटापट केली. चिमणाबाई दारातून बघत होती. तिला वाटलं, झालं काम.

"छान. आता उभी राहा," बाई म्हणाल्या. "हात खाली सरळ. हं, सातचा पाढा म्हण."

तानी उभी राहिली आणि गप्प झाली.

"बरं, एखादी कविता म्हण. जी येत असेल ती."

तानी गप्प.

"आपल्या जिल्ह्यातले तालुके सांग पाहू."

तानीनं तोंड उघडलं, मिटलं, आणि आईकडं बघितलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

प्रमोदिनीबाईंनी चष्मा काढून पुसला. "लेखन चांगलं आहे मुलीचं. पण बाकीचं काही येत नाही असं दिसतं. पाचवीला नाही घेता येणार. दुसरीत बसवा, पाया पक्का होईल."

चिमणाबाईनं दाराची चौकट धरली. दहा वर्षांची घोडी दुसरीत? तानी पुन्हा भुशाच्या पोत्याआड जाऊन बसणार, आणि या खेपेला जोतीराम तिला म्हशींमागंच लावणार. "येतंय की तिला सगळं!" ती ओरडलीच. "तोंडपाठ हाय!"

"मग बोलत का नाही?"

चिमणाबाई वळली. तिनं लेकीकडं बघितलं. तानीचे हात खाली सरळ होते, पण मुठी उघडत होत्या आणि मिटत होत्या. पोरगी तिथं नसलेल्या म्हशीची धार काढत होती.

तेव्हा चिमणाबाईच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला, आणि त्याबरोबर तिला स्वतःची लाज वाटली. इतक्या वर्षांत तिनं लेकीला एकदाही नुसतं समोर बसवून काही विचारलं नव्हतं. पाढा म्हटला की धार, कविता म्हटली की रवी, तालुके म्हटले की शेण. हातांना काम असलं की तोंड चालायचं. हात मोकळे सुटले आणि सगळी विद्या कुलूपबंद झाली. शिकवणारीनंच ते कुलूप घातलं होतं.

ती सरळ खोलीत शिरली. तानीच्या वेणीची रिबीन तिनं ओढून काढली आणि तेलानं चोपडलेली वेणी बोटांनी मोकळी केली.

"घाल येनी," ती म्हणाली. "आन् सातचा पाढा म्हन."

तानीनं केस पुढं घेतले, तीन पेड केले. पहिला पेड पडला तसं तोंड उघडलं. सात एके सात, सात दुणे चौदा. पाढा संपला, तशी कविता झाली. वेणी खाली उतरत होती आणि तानी शिरोळपासून सुरुवात करून गगनबावड्याला पोचली. "आन् तितलं वाळत न्हाय लवकर," असंही तिनं शेवटी सांगून टाकलं.

प्रमोदिनीबाई हसल्या. मग त्यांनी हसू आवरलं. "येतंय तिला. माझी चूक झाली म्हणते मी. पण बाई, वर्गात पन्नास मुली असतात. इन्स्पेक्टर येतात, मुलीला उभी करतात, हात सरळ ठेवायला सांगतात. तिथं ती मुकी राहिली तर तिलाच जड जाईल. बेंदराचा सण झाला की परत आणा हिला. मोकळ्या हातांनी बोलली, तर पाचवीत घेते. नाही बोलली, तर दुसरी."

बाई रास्तच बोलत होत्या, त्यामुळं भांडायचीही सोय नव्हती. चिंचेखाली जोतीरामनं सगळं ऐकून घेतलं. "ठरलंय ते ठरलंय," एवढंच तो म्हणाला आणि फेटा सारखा करून चालू लागला.

त्या संध्याकाळी चिमणाबाईनं लेकीला पुढच्या सोप्यात पाटावर बसवली. हात मांडीवर, उपडे, गप्प. "म्हन."

तानीला काही केल्या येईना. चिमणाबाई आधी गोड बोलली, मग चढ्या आवाजात बोलली, मग तिच्या हातावर एक चापटी बसली. "हात गप ठेव म्हनतो न्हवं!"

"हात गप ऱ्हायलं की मला काय आठवतच न्हाय, आई," तानी म्हणाली आणि हुंदके देऊ लागली.

चिमणाबाईला चापटीचा फार पश्चात्ताप झाला. पोरीचा काय दोष होता? तिनं लेकीला जवळ घेतलं, आणि मनाशी एक ठरवलं. बेंदूर होईपर्यंत तानीनं कसल्याच कामाला हात लावायचा नाही. शेण नाही, वैरण नाही, आणि गोठ्यात तर पाऊलसुद्धा टाकायचं नाही. सोप्यात बसायचं आणि हातांना रिकामं राहायची सवय लावायची. तिच्या वाटणीचं काम आपण दोघांनी उचलायचं.

जोतीराम कुरकुरला, पण सकाळी चरवी घेऊन चांदीखाली बसला. आणि चांदीनं धार दिली नाही. पान्हाच सोडेना. रेडकू लावून झालं, पेंड ठेवून झाली, कास कोमट पाण्यानं धुऊन झाली. बाहेर गिऱ्हाइकं तांबे घेऊन खोळंबलेली. चांदी आपली खाली मान घालून रवंथ करीत उभी.

"तानीच्या हाताची सवं लागलीया तिला," जोतीराम म्हणाला.

"हाताची न्हवं, पाढ्याची," चिमणाबाई म्हणाली. तिनं स्वतः खाली बसून पाढा म्हणून बघितला. चांदीनं शेपटीचा एक फटकारा तिच्या तोंडावर दिला. फायनल पास झालेल्या बाईचा पाढा म्हशीला पसंत पडला नाही.

रोज तेच चाललं. चांदी मनाला आलं तर वाटीभर देई, नाही तर तेवढंही नाही. दुसरीकडं तानी सोप्यात हात मांडीवर ठेवून मुक्यासारखी बसलेली. बेंदूर जवळ आला, कुंभारांनी मातीचे बैल विकायला बसवले, तरी दोन्हीकडं काही हालचाल नव्हती.

बेंदराच्या आदल्या सकाळी जोतीरामचा धीर सुटला. "पोरीला बोलीव गोठ्यात. म्हस आटायला लागली."

"आटू दे."

"येड लागलंय का तुला? उद्या बेंदूर, परवा त्या बाई न्हाईच म्हननार. मग गोठ्यातच यायचं हाय की तिला. दोन दिस आदी आली म्हनून काय बिघडलं?"

"अजून न्हाई म्हनलं न्हाय तिला कुनी," चिमणाबाई म्हणाली. "तवर ती हितं येनार न्हाय." मनातून तिलाही नवऱ्याचंच खरं वाटू लागलं होतं. पण दारातून ती हटली नाही.

जोतीराम चरफडत चांदीखाली बसला. गिऱ्हाइकं बघत होती. शेवटी त्यानं मान खाली घातली आणि ऐकून ऐकून कानात बसलेला पाढा पुटपुटायला सुरुवात केली. सात एके सात. सात दुणे चौदा. एक गिऱ्हाईक खोकलं. जोतीरामला चेव आला, त्यानं आवाज चढवला. साता पाचा पस्तीसपर्यंत गाडी नीट आली.

"सात सक..." जोतीराम म्हणाला. "सात सक... सात सक..."

चांदीनं कान टवकारले. गिऱ्हाइकं हसायला लागली. जोतीराम तिथंच अडकून बसला, ना पुढं ना मागं. सात सक, सात सक.

"बेचाळीस!"

आवाज सोप्यातून आला होता. कुणाला तरी असह्य होऊन ओरडल्यासारखा. आणि तो तिथं थांबला नाही. सातासाती एकोणपन्नास, साताआठी छप्पन्न, असा पुढं निघाला. सात संपला, आठ सुरू झाला. चांदीनं एक लांब श्वास सोडला, मागचे पाय फाकले, आणि जोतीरामच्या मुठीत सड भरून आले. चरवी वाजायला लागली.

चिमणाबाई होती तशी पळाली. पळताना तिला एकच धाक होता, की पोरीनं हातात काहीतरी धरलं असणार. वेणी, परकराचा काठ, सुंभाचा तुकडा, काहीतरी. सोप्याच्या दारात ती थबकली. तानी पाटावर ताठ बसली होती. डोळे मिटलेले. हात मांडीवर, उपडे, गप्प. आणि तोंड धो धो चाललेलं.

चिमणाबाईला रडू आलं. तिनं डोळे पदरानं पुसले, आणि मग तिची नजर खाली गेली. परकराच्या खाली तानीच्या पायाचे दोन्ही अंगठे हलत होते. एक वर, एक खाली. चरवीत धार पडते त्या ठेक्यावर, अगदी बिनचूक.

पोरीला सांगावं का? सांगितलं तर अंगठे थांबतील, आणि अंगठे थांबले तर पाढाही थांबेल. प्रमोदिनीबाई हातांचं बोलल्या होत्या. पायांचं त्यांनी काही म्हटलं नव्हतं. चिमणाबाई पाऊल न वाजवता मागं फिरली. दुपारी तिनं तानीच्या परकराची खालची दुमड उसवली, कापड चार बोटं खाली सोडलं आणि नवी शिवण घातली.

बेंदूर झाल्यावर तिघं पुन्हा शाळेत गेली. तानी उभी राहिली, हात खाली सरळ. बाईंनी पाढा विचारला, कविता विचारली, तालुके विचारले. तानीनं सगळं घडाघडा सांगितलं. या खेपेला जोतीराम चिंचेखाली न थांबता दारापर्यंत आला होता आणि सात सकला त्याचेही ओठ हलले.

प्रमोदिनीबाईंनी टाक उचलला. पटावर नाव घालायच्या आधी त्यांची नजर तानीच्या पायांशी गेली. जमिनीला टेकलेला परकराचा घेर मधूनच थरथरत होता. बाईंनी चष्म्यावरून चिमणाबाईकडं बघितलं.

"परकर जरा लांबच झालाय, नाही?"

"वाडत्या अंगाची पोर हाय, बाई," चिमणाबाई म्हणाली.

बाईंनी टाक दौतीत बुडवला आणि पाचवीच्या पटावर नाव लिहिलं.