कुलूप बदललं तेव्हा

दिराने सर्व्हरच्या खोलीचं कुलूप बदललं, तेव्हा वहिनी दारातच उभी होती.

"आता ही दगदग तुम्हाला नको, वहिनी. घरी बसा, आराम करा," असं म्हणत त्याने तिच्या गळ्यातलं ओळखपत्र मागून घेतलं. नवऱ्याला जाऊन वर्षही झालं नव्हतं. गोदामांतल्या मालाची नोंद ठेवणारी ही कंपनी त्या दोघांनी उभी केली होती. दीर नंतर आला, तो आयत्या बिळावर नागोबा होऊन बसला.

प्रत्येक सर्व्हरमध्ये नवऱ्याने एक वेगळं कार्ड बसवलंय, हे दिराला ठाऊक नव्हतं. सर्व्हर बंद असला तरी ते कार्ड जागं असायचं. त्याच्यामार्फत कुठूनही सर्व्हर चालू-बंद करता यायचा. मुलं आजारी असली की ती घरूनच तसं काम करायची. पासवर्ड तिला पाठ होता.

कंपनी विकत घ्यायला माणसं येणार असल्याचं तिच्या कानावर आलं. ती माणसं आली, त्या दुपारी धाकट्या बहिणीच्या स्वयंपाकघरात तिने लॅपटॉप उघडला आणि एकेक करून सगळे सर्व्हर बंद केले.

थोड्या वेळाने दिराचा फोन आला. पाहुण्यांसमोर काहीच चालत नव्हतं. जिभेवर साखर ठेवून त्याने उपाय विचारला. बटण दाबून बघा, ती म्हणाली. सर्व्हर सुरू झाले. तो पाहुण्यांशी बोलायला बसला असेल, असा अंदाज घेऊन तिने ते पुन्हा बंद केले.

"ताई, पुरे आता," लसूण सोलता सोलता बहीण म्हणाली.

"त्याच्या तोंडचं पाणी पळू दे आधी."

पुढच्या खेपेला दिराचा आवाज खाली आला होता. "वहिनी, हे तुम्ही करताय?"

"मी घरी बसलेय, भाऊजी. आराम करतेय."

व्यवहार फिसकटला. पाहुणे गेल्यावर तिने सर्व्हर सुरू करून दिले. कित्येक महिन्यांनी ती पोटभर जेवली.

पण दीरही काही दूधखुळा नव्हता. त्याने सगळे सर्व्हर उपटून भंगारात घातले आणि नवे आणले.

तिला ते कळलं एका सकाळी. ऑफिसचा नंबर ती रोज फिरवायची, हे बहिणीलाही माहीत नव्हतं. आधी जुन्या सर्व्हरवर साठवलेला नवऱ्याचा रेकॉर्ड केलेला आवाज यायचा. नमस्कार करून थोडं थांबायला सांगायचा. तेवढं ऐकून ती फोन ठेवून द्यायची.

त्या दिवशी कुणा अनोळखी मुलीच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाने नमस्कार केला आणि थांबायला सांगितलं. ती थांबली. मग पलीकडे कोणीतरी फोन उचलला.

"बोला, कोण हवंय आपल्याला?"

त्याने पुन्हा विचारलं. तो कंटाळून फोन ठेवेपर्यंत तिने तो कानाला तसाच धरून ठेवला.