दुर्वा आपल्या हातानं जेवते

दुर्वाला उलट्या सुरू झाल्या तेव्हा गीतांजलीला वाटलं, पोरगी दिवसभर उन्हात खेळली असेल, ऊन बाधलं असेल. पोळा नुकताच होऊन गेला होता. संध्याकाळी शेतातून आल्यावर गीतांजलीनं हातपाय धुतले होते, लेकीला मांडीवर घेतलं होतं आणि वरणभात कालवून भरवला होता, नेहमीसारखाच. पण भांडी घासून होईस्तोवर पोरीच्या तोंडातून लाळ गळायला लागली, अंगाला दरदरून घाम सुटला. अडीच वर्षांचं लेकरू, मान टाकून पडलं. गीतांजलीचा नवरा सागर शेजारच्याची मोटारसायकल मागून घेऊन आला आणि दोघं तिला बार्शीटाकळीवरून थेट अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेले.

तिथं एक तरुण डॉक्टरीणबाई होती. तिनं पोरीचे डोळे बघितले, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या झालेल्या. काय खाल्लं, कोणी भरवलं, असं ती विचारत गेली. मग तुम्ही काम काय करता, हे विचारलं. सागरनं सांगितलं, फवारणी. तो पंप मारतो आणि बायको ड्रमात औषध कालवून देते. डॉक्टरीणबाईनं नर्सला सुई आणायला सांगितली आणि पोरीला आत नेलं.

दुर्वा वाचली. तिला घरी सोडायच्या दिवशी डॉक्टरीणबाईनं गीतांजलीचे दोन्ही हात आपल्या हातात घेऊन उलटेपालटे केले. नखं पिवळी पडली होती, बोटांच्या पेरांना भेगा होत्या.

"ताई, हे साबणानं पूर्ण जात नाही," ती म्हणाली. "भेगांत राहतं, नखांत राहतं. फवारणी सुरू आहे तोवर या हातांनी तिला घासही भरवू नका, चमच्यानंही नको, बोट लागतंच. तिचे हातसुद्धा अंगणात सगळीकडे लागतात. तिला चमचा शिकवा."

दवाखान्याबाहेरच्या हातगाडीवरून सागरनं लाल दांडीचा छोटा चमचा घेतला. एसटीत दुर्वा तो चमचा चोखत बसली होती आणि गीतांजली पदरात हात गुंडाळून खिडकीबाहेर बघत होती.

काम सोडून देणं हा एक मार्ग होता, आणि तो तिनं करून पाहिला. सागरचे लोक माळी. त्यांच्या मळ्यात एकेकाळी वांगी, मेथी, सांभार-कोथिंबीर व्हायची, पण विहीर आटली, नंतर मारलेलं बोअरही कोरडं गेलं, तेव्हापासून घर दुसऱ्याच्या शेतात जात होतं. गीतांजली खुशालरावांकडे गेली. त्यांच्याच शेतात दोघं फवारणी करत. मला निंदणाचं काम द्या, असं तिनं म्हटलं. खुशालराव वाईट माणूस नव्हते. ते म्हणाले की निंदण आता कोण करतं, तणावरही औषधच मारतात, तुझ्यासमोर तर मारलं. ते दोन हजार सतराचं साल होतं. कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडात अळी होती आणि गावात एकच काम होतं. दुसऱ्या सकाळी ती पुन्हा ड्रमाजवळ उभी राहिली.

घरात सासू होती, पार्बताबाई. पण तिचा उजवा हात अर्धांगवायूनं गेलेला. ती दिवसभर नातीला सांभाळे, तिच्यामागं अंगणात फिरे, पण घास कालवून भरवणं तिला जमत नव्हतं. आणि डाव्या हातानं लेकराला भरवायचं नाही, यावर ती अडून बसली होती. आजवर दुपारी पोरगी दूधपोळीवर राही आणि सकाळ-संध्याकाळ आईच्या हातानं जेवे. आता ते बंद झालं.

पहिल्या संध्याकाळी गीतांजलीनं पोरीचे हात धुतले, तिला पाटावर मांडी घालून बसवलं, पुढं ताटली ठेवली आणि चमचा तिच्या हातात दिला. दुर्वानं चमचा फेकला आणि आ करून आईकडं बघत बसली. गीतांजलीनं चमचा धुऊन आणला. पुन्हा तेच. पोरगी सरकत सरकत आईच्या मांडीशी आली, आईचा हात धरून ताटलीकडं ओढायला लागली. गीतांजलीनं दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले.

"आई नाही भरवत आता," ती म्हणाली. "आईचा हात खराब हाय."

पार्बताबाईला ते बघवेना. "बाप्पा, आपल्यात कोन चमच्यानं जेवते?" ती म्हणाली. "लेकराले मायच्या हाताची चव लागते. सायबाची पोर हाय का हे?"

"माह्या हातात जहर हाय, आत्याबाई."

त्या दिवशी दुर्वा उपाशी झोपली.

दुसऱ्या दिवसापासून गीतांजलीनं दुसरी युक्ती केली. स्वतःचं ताट समोर घेऊन तीही चमच्यानं जेवायला लागली. तिलाही ते जमत नव्हतं, वरण हनुवटीवर ओघळायचं, आणि ते बघून दुर्वा हसायची. हसता हसता तिनं चमचा उचलला. आधी तो पालथाच भातात खुपसला. मग सरळ धरला तर तोंडाऐवजी गालाला लागला. अर्धा भात फ्रॉकवर, अर्धा जमिनीवर, आणि कोंबड्या पाटाभोवती. चमचा डाव्या हातात गेला की पार्बताबाई ओरडे, "उजवा, उजवा." तेवढं मात्र पोरीनं लवकर धरलं. पातळ वरण चमच्यात राहत नाही म्हणून गीतांजली घट्ट खिचडी शिजवायला लागली. भाकरी दुधात भिजवून, चमच्यानंच मोडून वाटीत द्यायला लागली. वाटी डाव्या हातानं धरायची, उजव्यानं चमचा. तोंडातला घास संपल्याशिवाय दुसरा घ्यायचा नाही. खाली पडलेलं उचलून खायचं नाही. ही शेवटची गोष्ट तिनं सर्वांत कडकपणे शिकवली, कारण त्याच अंगणात सागरचा पंप उभा राही आणि फवारणीचे कपडे त्याच तारेवर वाळत.

एका संध्याकाळी पोरीनं हट्ट धरला. ती चमचा हातात घेईना, ताटली तिनं उलटी केली, आणि जमिनीवरचा भात मुठीनं उचलून तोंडाशी नेला. गीतांजलीनं धावत जाऊन तिच्या हातावर चापट मारली आणि तोंडात बोट घालून भात काढला. मग तिच्या लक्षात आलं की आपण काय केलं. ती पोरीला उचलून मोरीत घेऊन गेली, तिचं तोंड धू धू धुतलं, जिभेवरून पाणी ओतलं. पोरगी गुदमरून रडत होती. सागर दारात उभा होता, त्यानं पुढं होऊन लेकीला घ्यायला हात केले, आणि गीतांजली त्याच्यावर ओरडली, तुमचे हात माझ्याहून खराब आहेत. तो तसाच मागं सरला. शेवटी पार्बताबाईनं एका हातानं नातीला जवळ ओढलं.

त्या दिवसानंतर दुर्वानं हट्ट केला नाही. दसऱ्यापर्यंत ती चांगली जेवायला लागली. हात पुढं करून धुऊन घ्यायची, पाटावर मांडी घालायची, सांडलेलं शीत आजीला बोटानं दाखवायची. अंगणवाडीच्या सत्यवतीबाई एकदा घरी आल्या, तर त्यांना मोठं नवल वाटलं. त्या म्हणाल्या, अंगणवाडीतली चार-चार वर्षांची पोरं अजून आईच्या हातानं जेवतात, आणि ही बघा कशी बसली आहे. गीतांजलीनं मान हलवली. तिला बरंही वाटलं आणि नाहीही.

दसऱ्यानंतर सागर पऱ्हाटीत पडला. वारं त्याच्या तोंडावर येत होतं आणि पंप अर्धाच संपला होता. खुशालरावांनी बैलगाडीत घालून त्याला रस्त्यापर्यंत आणलं, तिथून जीप करून अकोला. त्याच दवाखान्यात, त्याच विषबाधेचे लोक ओळीनं झोपले होते, तडफडत म्हणून काहींचे हात खाटेला बांधलेले. सागर शुद्धीवर आला तेव्हा गीतांजली त्याच्या तोंडावर वाकून होती.

"कोन हाय?" त्यानं विचारलं.

"मी."

"मले तुयं तोंड दिसून नाही राहिलं."

ती त्याच्याजवळच राहिली, दिवाळीच्या अलीकडपर्यंत. घरी दुर्वा आजीजवळ होती. शेजारची तानुबाई खिचडी शिजवून देई, आणि पोरगी आपली आपण जेवे. तानुबाईचा मुलगा डबा घेऊन आला की तेवढंच सांगे, दुर्वा जेवली, काही रडली नाही. ते ऐकून गीतांजलीला दोन घास जात. आपण पोरीला वेळेवर शिकवलं, असं ती मनाला सांगे.

सागर घरी आला तो काठी टेकत. उजेड-अंधार कळे, माणूस आकारानं कळे. डॉक्टरांनी काही खात्रीनं सांगितलं नाही. तोवर फवारणी संपली होती, कापूस वेचणीला आला होता, आणि गीतांजली वेचणीला जाऊ लागली. कापसानं बोटं सोलवटली, पण ती कापसानंच. जुनी नखं तिनं मुळापर्यंत कापली. रोज राखेनं, चिंचेनं, साबणानं हात घासले. महिना उलटला तसा नखांचा पिवळा रंग गेला.

मग एका सकाळी, वेचणीला सुट्टी होती तेव्हा, तिनं आंघोळ केली, धुतलेलं लुगडं नेसली आणि तुरीच्या नव्या शेंगांचे सोले घालून भात केला. दुर्वाला तिनं पाटावर नाही बसवलं. मांडीवर घेतलं, भातात थोडं तूप घातलं, कालवला आणि एक लहान घास तिच्या तोंडाशी नेला.

दुर्वानं तोंड फिरवलं.

गीतांजलीला वाटलं भात गरम लागला असेल. तिनं फुंकर घातली आणि पुन्हा हात नेला. पोरीनं ओठ घट्ट मिटले, तिच्या मांडीवरून उतरली, आणि तिच्या हाताकडं बोट दाखवून म्हणाली, "आईचा हात खलाब हाय."

"आता चांगला हाय, माय. पाह्य, धुतला."

पोरगी हातापासून आणखी लांब सरकली. तिच्या चेहऱ्यावर रुसवा नव्हता, तिथं भीती होती. फडताळाखालून तिनं आपला चमचा काढला, आपली वाटी काढली आणि पाटावर जाऊन बसली.

सागरला दिसत नव्हतं. "काय झालं?" त्यानं विचारलं. काही नाही, असं गीतांजली म्हणाली. हातातला घास तिनं ताटात ठेवला आणि तो भात लेकीच्या वाटीत वाढला. पार्बताबाई भिंतीला टेकून सगळं बघत होती. लहान आहे, विसरेल, असं ती म्हणाली.

पण पोरगी विसरली नाही. संक्रांतीला तिनं आईच्या हातचा तिळगूळ घेतला नाही. बायका हसल्या, म्हणाल्या मोठी नखऱ्याची आहे. तापात होती तेव्हा गोळीही तिनं तानुबाईकडून घेतली. बाकी सगळं ठीक होतं. ती आईला बिलगून झोपायची, तिच्या केसांत हात घालायची, पाठीवर चढायची. फक्त त्या हातातून काही तोंडात जात नव्हतं. गीतांजलीनं काही दिवस प्रयत्न केला, मग सोडून दिला. लेकरावर जबरदस्ती करून एकदा पाहिली होती.

पुढच्या साली श्रावणात खुशालराव दारात आले. त्यांनी सागरची तब्येत विचारली, मग जरा घुटमळून म्हणाले की यंदा अळी लवकर आली आहे, माणूस मिळत नाही, तुमच्याकडून कोणी येईल का. सागर खाटेवर बसला होता. पार्बताबाईनं सुनेकडं पाहिलं.

"औषधही मीच कालवतो अन् पंपही मीच मारतो," गीतांजली म्हणाली. "तोंडाले बांधाले जाड कपडा द्या, अन् हातमोजे."

खुशालराव म्हणाले, बघतो. कपडा त्यांनी दिला, हातमोजे बाजारात मिळाले नाहीत. सकाळी तिनं नवऱ्याचा पंप पाठीवर घेतला. सागरच्या मापाचे पट्टे तिला सैल होत होते, ते तिनं गाठी मारून आवळले. जाताना तिनं भाकरी बांधून घेतली नाही. शेतात जेवायचं नाही, हे तिनं ठरवलं होतं. पऱ्हाटी यंदा तिच्या कमरेएवढीच होती. वारं कुठून येतं हे बघायला ती बांधावर थोडा वेळ थांबली, आणि मग ओळीत शिरली.