सेवेची ढाल

नगरहून पत्र आलं आणि मास्तरीण रोझीबाईंच्या अंगात पुढारीपण संचारलं. गाईडच्या मुलींनी गावासाठी एक मोठी सेवा करून दाखवावी, तिथल्या मडमसाहेब जातीनं पाहायला येतील, आणि जिची सेवा सरस ठरेल त्या शाळेला पितळी ढाल मिळेल, असं पत्रात होतं. राहात्याजवळच्या त्यांच्या मिशन शाळेला आजवर कोणी साधा पेलाही बक्षीस दिला नव्हता. रोझीबाईंना रात्रंदिवस ढाल दिसू लागली.

लढाईचं पाचवं वर्ष चालू होतं, कापड मिळत नव्हतं. तेव्हा जुन्या साड्या निळीत बुडवून गणवेश झाले आणि पहिल्याच कवायतीत घाम येऊन दहाही मुलींच्या माना निळ्या झाल्या. बिल्ले बिस्किटाच्या डब्याच्या पत्र्याचे होते. फळ्यावर रोझीबाईंनी सुबक अक्षरात लिहिलं, ‘पुढारी तो, जो आधी स्वतः करून दाखवतो.’ मुलींनी ते पन्नास वेळा उतरवून काढलं.

सेवा कोणती करायची, हे त्यांनी मुलींना विचारलं. पुढारीपण शिकवायचं तर विचारावं लागतं.

टोळीनायिका फिलोमिना उभी राहिली. तेरा वर्षांची, काडीसारखी पोर. “बाई, लढाईवर गेलेल्यांची पत्रं येत्यात. घरच्यांना वाचता येत न्हाई. आपन वाचून दाखवू.”

“वाचलेलं लांबून दिसत नाही,” रोझीबाई म्हणाल्या. “सेवा कशी, मोटारीतून उतरल्याबरोबर डोळ्यांत भरली पाहिजे. आपण चावडीपुढचं पटांगण झाडायचं.”

चावडी रोज झाडली जात होतीच. फिलोमिनाची आई रंगुबाई ती दिवस उगवायच्या आत झाडायची, तिच्याआधी तिची सासू झाडायची, आणि त्याबद्दल दारोदार शिळी भाकरी मिळायची. तो झाडू पोरींच्या हाती येऊ नये म्हणूनच तर त्यांना शाळेत घातलं होतं. रोझीबाईंना हे कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांची स्वतःची आई तिथंच झाडायची. मास्तरीण होऊन पायात चपला आल्यापासून पंधरा वर्षं रोझीबाई चावडी टाळून लांबच्या वाटेनं बाजाराला जात. पण ढालीनं त्यांची समजूत पटवली होती: गणवेश घालून झाडलं की ती सेवा, आणि बिनगणवेशाचं असेल ते काहीतरी वेगळं.

एक अडचण मात्र होती. रंगुबाई पटांगण इतकं लख्ख ठेवायची की सेवेला कचराच उरत नसे. मडमसाहेब यायच्या आदल्या दिवशी रोझीबाईंनी तिला निरोप धाडला, की उद्या झाडू नका.

रंगुबाई धावतच शाळेत आली. “बाई, माजं काय चुकलं?”

“काही नाही. उद्या मुली झाडतील. ती सेवा आहे.”

“आन मी करते ते काय हाय, बाई?”

रोझीबाईंनी घड्याळाकडे पाहिलं आणि तास संपल्याचं सांगितलं.

दुसऱ्या दिवशी झाडू खांद्यावर टाकून पलटण निघाली. चावडीच्या ओट्यावर आसाराम पाटील चार मंडळींसह बसले होते. मोटार आली. मडमसाहेब वही-पेन्सिल घेऊन उतरल्या, आणि ढालही गाडीत होती, फडक्यात गुंडाळलेली. रोझीबाईंनी शिट्टी फुंकली. एकही मुलगी वाकली नाही. त्यांनी पुन्हा फुंकली.

फिलोमिनानं गाईडचा तीन बोटांचा सलाम ठोकला आणि पुढं येऊन आपला झाडू रोझीबाईंपुढं धरला. “बाई, पुढारी आधी सोता करून दाखवतो. तुमीच लिवलंय.” तिच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. तो असता तर रागावता तरी आलं असतं.

रोझीबाईंनी झाडू घेतला. दोन फटकारे मारले की ढाल पदरात पडणार होती.

“कृपादानाची रोझी का गं तू?” पाटील ओट्यावरून मायेनं म्हणाले आणि मंडळींकडे वळले. “हिच्या आईचा हात लई साफ हुता. मार पोरी, मार.”

त्यांनी कौतुकच केलं होतं. रोझीबाईंना लाज वाटली, पण ती पाटलांची नव्हे की आईचीही नव्हे. शाळेत धावत आलेल्या रंगुबाईला आपण उत्तर दिलं नाही, याची ती लाज होती.

त्यांनी झाडू खाली ठेवला. “मडमसाहेब, सेवा बदलली आहे. मुलींनो, ओट्यावर जाऊन बसा. ज्यांची लढाईवरून पत्रं आलीत, त्यांना वाचून दाखवा.”

झाडणाऱ्यांच्या आळीतलं बाईमाणूस त्या ओट्यावर कधी चढलं नव्हतं. मुली चढल्या. मंडळी सरकली, कोणी उठून गेलं. पाटील जागचे हलले नाहीत. त्यांच्या धाकट्या मुलाचं पत्र येऊन आठ दिवस झाले होते, आणि वाचणारे मास्तर गावाला गेले होते. त्यांनी ते फेट्यातून काढलं, इकडंतिकडं पाहिलं आणि फिलोमिनाच्या पुढ्यात लांबून टाकलं.

फिलोमिनानं ते उचललं नाही. “हातात द्या, पाटील.”

पाटलांनी वाकून पत्र उचललं आणि तिच्या हातात दिलं. पोरगा खुशाल होता. पाटलांनी तो भाग तीनदा वाचायला लावला.

महिन्याभरानं नगरहून निकाल आला. ‘पुढारीपण उत्तम. सेवा आढळली नाही.’ ढाल दुसऱ्या एका शाळेला मिळाली. तिथल्या मुलींनी आपला बाजार झाडला होता.

त्या शेऱ्यावर रोझीबाई मुलींबरोबर पोट धरून हसल्या. पण रंगुबाई पत्रवाचनाच्या दुसऱ्या दिवशीही पहाटे चावडी झाडायला गेलीच होती. ढाल मिळाली असती तरी तिला जावंच लागलं असतं. इतकी सेवा शिकवताना हे एकदाही आपल्या मनात आलं नाही, याचं रोझीबाईंना ढाल गेल्यापेक्षा जास्त वाईट वाटलं.